साष्टीतले ओवीकार पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स



पाऊस सुरू झाला आणि आपल्या धर्मग्रामातील धर्मशिक्षणाचे वर्गही सुरू झाले. मिस्सा संपली की मुले ओल्या छत्र्या व्हरांड्यात पसरून वर्गात शिरतात, आणि पालक चहाच्या कपाभोवती थांबतात. अशाच एका रविवारी काही पालकांनी आमच्याकडे एक सूचना केली. मुलांना मराठी वाचायला जड जाते, तेव्हा धर्मशिक्षण पूर्णपणे इंग्रजीत घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच दिवशी, जरा उशिरा, एका आजीबाईंनी आम्हाला थांबवले. नातू रात्री प्रार्थना म्हणतो, पण काय म्हणतो ते आपल्याला कळत नाही, आणि आपली प्रार्थना त्याला कळत नाही, एवढेच त्यांनी सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. पण त्या दोन्ही गोष्टी आमच्या मनातून गेल्या नाहीत.

आपले शहाड हे कामासाठी आलेल्या माणसांचे गाव. कारखान्यातील नोकरीमुळे कोणी वसईहून आले, कोणी गोव्याहून, मंगळूरहून, केरळहून, कोणी नगर जिल्ह्यातून. एकाच बाकावर चार भाषांत जपमाळ म्हणणारी माणसे बसतात. त्यामुळे श्रद्धा कोणत्या भाषेत शिकवावी हा प्रश्न आपल्याकडे दरवर्षी पावसाबरोबर येतो. या प्रश्नाशी आयुष्यभर झटलेल्या एका धर्मगुरूंची ओळख आज करून द्यावी असे आम्हाला वाटते. ते इंग्रज होते, गोव्यातील लहान लहान गावांत चाळीस वर्षे राहिले, आणि मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या लिहून गेले. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

बंदीच्या देशातील बालपण

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुशटन नावाच्या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. भाऊ रिचर्ड पुढे पॅरिसला ईशज्ञानाचे प्राध्यापक झाले. म्हणजे घरात पैसाही होता आणि विद्याही होती.

परंतु तो काळ कॅथलिकांसाठी कठीण होता. राणी एलिझाबेथ १५५८ मध्ये गादीवर आली आणि पुढच्याच वर्षी कायद्याने मिस्सा बंद झाली. जे देवळात उघडपणे चालत होते ते घराच्या आतल्या खोलीत, दारे लावून करावे लागू लागले. दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर याचा काय परिणाम झाला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. कालपर्यंत जी प्रार्थना सगळे गाव मिळून म्हणत होते, ती आज गुन्हा ठरली होती.

तरुणपणी स्टीफन्स यांची थॉमस पाउंड या श्रद्धावंत गृहस्थांशी गाठ पडली. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश घ्यायचे ठरवले. निघण्याआधीच पाउंड पकडले गेले, आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटे निघाले. ऑक्टोबर १५७५ मध्ये रोमच्या नवशिक्यांच्या मठात त्यांना प्रवेश मिळाला. मित्र कोठडीत आणि आपण मोकळे, ही जाणीव घेऊनच त्यांचे मिशनरी जीवन सुरू झाले.

समुद्रावरील सहा महिने

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनच्या बंदरातून पाच जहाजे हिंदुस्थानकडे निघाली. त्यांतील एकावर स्टीफन्स होते. २४ ऑक्टोबरला ते गोव्याला पोचले. आल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिले. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले, आणि पूर्वेच्या वाटेची माहिती इंग्रज वाचकांना त्यातून मिळाली.

हे पत्र मोठ्या धर्मपंडिताचे वाटत नाही. ते एका कुतूहल असलेल्या मुलाने वडिलांना लिहिलेले वाटते. पाण्यावरून उडणारे मासे, जहाजामागे येणारे शार्क आणि त्यांच्याबरोबर पोहणारे छोटे मासे, दक्षिणेकडील प्रचंड पंखांचे पक्षी, विषुववृत्तावर वारा पडल्यावर होणारी तगमग, हे सारे त्यात आहे. दुःखही आहे. शेवटच्या टप्प्यात हिरड्या सुजण्याचा रोग जहाजावर पसरला. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. मग एके दिवशी पाण्यावर झावळ्या तरंगताना दिसल्या, किनाऱ्याकडचे पक्षी दिसले, आणि जमीन जवळ आल्याचे सगळ्यांना कळले. गोव्यात उतरल्यावर त्यांनी वडिलांना माडाबद्दल कळवले. याच झाडापासून इथल्या लोकांना पेय मिळते, हे त्यांना नवलाचे वाटले होते.

आम्हाला या पत्रातील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. नव्या देशात पाऊल टाकताच या माणसाने लोकांना शिकवण्याआधी भोवताली पाहायला सुरुवात केली. काय पितात, कसे दिसतात, झाडे कोणती, वारा कुठून येतो, हे त्यांनी आधी टिपले. चांगल्या शिक्षकाची पहिली खूण हीच असावी.

साष्टी : सहासष्ट गावांचा परगणा

स्टीफन्स यांची नेमणूक गोव्याच्या दक्षिणेकडील साष्टी परगण्यात झाली. साष्टी म्हणजे सहासष्ट गावे. आपल्या शेजारच्या ठाणे-मुंबईच्या बेटालाही साष्टी म्हणतात आणि त्याचाही अर्थ तोच सांगतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. गोव्याची साष्टी म्हणजे मडगाव, राशोल, राय, कुंकळ्ळी, बाणावली हा भाग. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली खाजन शेती, माडांच्या बागा, गावकऱ्यांनी मिळून सांभाळायचे बांध आणि पाण्याची दारे, असे तिथले जीवन. पावसाआधी बांध बघायचा, पावसात लावणी, नंतर कापणी, मग उन्हाळ्यात पुन्हा पावसाची बेगमी. वसईकडची आणि आगरी माणसे ज्याला आगोटीची खरेदी म्हणतात, तशीच खरेदी तिकडेही असते. मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चच्या सणाला आजही सुक्या मासळीचा, मिरचीचा, चिंचेचा, आमसुलांचा बाजार भरतो. राय गावात ५ ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देतात. आपल्या ठाणे-वसई भागात ऑक्टोबरमध्ये आगेरा होतो, त्याच जातीचा हा सण.

पण स्टीफन्स आले तेव्हा या गावांच्या मनावर मोठी जखम होती, आणि ती लपवून त्यांचे चरित्र सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. येशूसंघाचे कार्य तिथे १५६० मध्ये सुरू झाले. १५६७ च्या सुमारास सत्ताधाऱ्यांनी साष्टीतील शेकडो देवळे पाडली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले. पुराणे सांगण्यावर बंदी आली, ग्रंथ जप्त झाले. ज्या माणसाने स्वतःच्या देशात आपल्या प्रार्थनेवरील बंदी सोसली, तो माणूस अशा प्रदेशात आला होता जिथे त्याच्याच धर्माच्या राज्याने दुसऱ्यांच्या प्रार्थनेवर बंदी घातली होती.

या संघर्षाचा स्फोट १५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळीला झाला. फादर रुडॉल्फ अक्वाविवा, त्यांचे चार येशूसंघीय सोबती आणि बरोबरची इतर माणसे गावकऱ्यांच्या हातून मारली गेली. पुढे, १८९३ मध्ये, ख्रिस्तसभेने त्या पाच येशूसंघीयांना धन्यवादित घोषित केले. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होते. विहिरीत टाकलेले आपल्या सोबत्यांचे देह मिळवून त्यांना माती देण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि ठार केले. दोन्ही बाजूंच्या घरांत रडारड झाली.

अशा वेळी स्टीफन्स यांना परतीचा मार्ग मागता आला असता. त्यांनी तो मागितला नाही. ते तिथेच राहिले. त्याच वर्षी होर्मुझहून पकडून आणलेले चार इंग्रज गोव्याच्या तुरुंगात पडले होते, त्यांच्या सुटकेसाठीही त्यांनी खटपट केली आणि त्यांना जामीन मिळाला. ज्या देशाने आपल्या मित्राला कोठडीत ठेवले होते त्या देशाच्या माणसांना कोठडीतून सोडवण्यासाठी ते धावले, ही गोष्ट आम्हाला त्यांच्या स्वभावाची किल्ली वाटते.

शिकवणारे शिकू लागले

साष्टीतील चर्चना जोडलेल्या शाळांत मुलांना प्रार्थना, लिहिणे-वाचणे आणि गाणे शिकवले जाई. पण शिकवणाऱ्यांना लोकांची भाषा येत नसे. दुभाष्यामार्फत पापनिवेदन ऐकायची वेळ येई. विचार करा, आपले पाप आधी शेजाऱ्याला सांगायचे आणि मग त्याने ते फादरना सांगायचे! स्टीफन्स यांनी भाषा शिकायला घेतली. गावात बोलली जाणारी कोंकणी त्यांनी आत्मसात केली, आणि त्याबरोबर ग्रंथांची मराठीही.

१५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक निरीक्षण नोंदवले. इथल्या भाषांची ठेवण लॅटिन आणि ग्रीक भाषांशी जुळते, असे त्यांना आढळले होते. हीच गोष्ट सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृतबद्दल मांडली आणि त्यातून भाषाशास्त्राची नवी शाखा उभी राहिली. स्टीफन्स यांना ती दोनशे वर्षे आधी दिसली होती.

त्यांनी कोंकणीचे व्याकरणही तयार केले. ते त्यांच्या निधनानंतर, १६४० मध्ये, राशोल येथे छापले गेले. भारतीय भाषांच्या सर्वांत पहिल्या छापील व्याकरणांमध्ये त्याची गणना होते. मुलांसाठी त्यांनी कोंकणीत ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरे लिहिली. ती १६२२ मध्ये छापली गेली. म्हणजे शाळेतील मुलांसाठी आणि घरातील प्रार्थनेसाठी त्यांनी बोलीभाषा घेतली. आपल्या आजच्या धर्मशिक्षकांनी याची नोंद घ्यावी असे आम्ही सुचवतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हाला मध्ययुगीन आचार्यांचे एक तत्त्व शिकवले होते. जे दिले जाते ते घेणाऱ्याच्या रीतीने घेतले जाते, असा त्याचा सारांश. परीक्षेसाठी आम्ही ते पाठ केले. त्याचा अर्थ मात्र पुढे धर्मग्रामात आल्यावर कळला. नदी कितीही मोठी असली तरी घरात येते ती आपल्या हंड्याच्या आकाराने. स्टीफन्स यांनी हंडा बदलायला सांगितला नाही. त्यांनी घरोघरचे हंडे कसे आहेत ते पाहिले.

ऐकण्याचा आनंद

आता त्यांच्या मुख्य कार्याकडे येऊ. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना प्रार्थना मिळाल्या, आज्ञा मिळाल्या, संस्कार मिळाले. परंतु एक गोष्ट गेली होती. पूर्वी दिवसभराचे काम आटोपल्यावर, विशेषतः सणावाराला, गाव एकत्र बसून पुराण ऐकत असे. कथा ऐकताना म्हातारी माणसे डोलत, मुले आईच्या मांडीवर झोपी जात, आणि न शिकलेल्या माणसालाही शेकडो ओव्या पाठ होत. महाराष्ट्रात तेव्हा संत एकनाथ हयात होते. त्यांचे भागवत १५७३ मध्ये पूर्ण झाले होते. खुद्द साष्टीतल्या केळोशी गावच्या कृष्णदास शामा यांनी त्याही आधी, १५२६ मध्ये, कृष्णकथा मराठीत रचली होती. ही सगळी श्रवणाची गोडी बंदीमुळे एकाएकी थांबली. लोकांना धर्म मिळाला, पण संध्याकाळ रिकामी झाली.

स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग रचला आहे. एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रींकडे येतो आणि विचारतो की, आम्हाला धर्मतत्त्वे तर शिकवलीत, पण आमच्या जुन्या पुराणांच्या जागी ऐकायला काही का देत नाही? या प्रश्नात आर्जव आहे आणि ठपकाही आहे. तो ठपका लेखकाने स्वतःच्या ग्रंथात नोंदवून ठेवला, हे त्यांचे मोठेपण. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण.

हा ग्रंथ १६१४ मध्ये पूर्ण झाला आणि १६१६ मध्ये राशोलच्या छापखान्यात छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून मसीहाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या लोकांपर्यंतची कथा छत्तीस अवस्वरांत आहे. अवस्वर म्हणजे अध्याय. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचे चरित्र एकोणसाठ अवस्वरांत आहे. सारा ग्रंथ ओवीत. जुन्या मराठी ग्रंथकारांप्रमाणे आरंभी नमन, मग कथा, मध्ये श्रोत्यांचे प्रश्न आणि गुरूची उत्तरे. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला, कारण ऐकणाऱ्याच्या मनात त्या शब्दाने लगेच उजेड पडत होता.

भाषेबद्दल त्यांनी जो निर्णय घेतला तो समजून घेण्यासारखा आहे. देवाच्या गोष्टी सांगायला ग्रंथांची मराठी योग्य, हे त्यांना पटले होते. पण शुद्ध मराठी गावातल्या सर्वांना कळणार नाही हेही ते जाणून होते. म्हणून त्यांनी कठीण शब्द टाळले आणि कोंकणीतील सोपे शब्द मिसळले. मराठीवर त्यांचे इतके प्रेम जडले की ग्रंथात त्यांनी तिच्या स्तुतीच्या ओव्या लिहिल्या. आपल्यापैकी अनेकांनी त्या शाळेच्या पुस्तकात वाचल्या असतील. इतके प्रेम असूनही, श्रोत्याला न कळणारा सुंदर शब्द त्यांनी बाजूला ठेवला. प्रेम आणि हट्ट यांत हाच फरक असतो.

त्यांची आणखी एक इच्छा होती. १६०८ मध्ये त्यांनी रोमला संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून इथल्या लिपीत पुस्तके छापण्याची परवानगी आणि मदत मागितली. अडचण मोठी होती. रोमन लिपीला दोन डझन अक्षरांचे साचे पुरतात, तर आपल्या जोडाक्षरांना आणि काना-मात्रांना शेकडो साचे लागतात. ते जमले नाही. म्हणून मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. हे काम अपुरे राहिल्याचे शल्य त्यांना असावे असे आम्हाला वाटते.

ग्रंथाचे स्वागत मात्र मनापासून झाले. रविवारी आणि सणाच्या दिवशी साष्टीतील चर्चमध्ये ख्रिस्तपुराण वाचले जाऊ लागले. लोक त्याच चालीत, त्याच ओवीत, आता नाताळची आणि पुनरुत्थानाची कथा ऐकू लागले. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापावा लागला. फादर स्टीफन्स हे पाहायला नव्हते. १६१९ मध्ये, सत्तरीच्या घरात, गोव्यातच त्यांना देवाज्ञा झाली. इंग्लंडला ते कधीच परतले नाहीत. देहूला तेव्हा तुकाराम नावाचा मुलगा वाढत होता, आणि त्याच्या तोंडून मराठी अभंग यायला अजून काही वर्षे होती.

बंदी आणि कंठ

पुढची कथा दुःखाची आहे आणि आशेचीही. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर यांनी फर्मान काढले. तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा त्याचा आशय होता. ज्या भाषेसाठी एका इंग्रज पाद्रींनी चाळीस वर्षे वेचली, तीच भाषा त्यांच्याच वारसांच्या राज्यात नकोशी ठरली. पुराणाच्या पहिल्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आजवर हाती लागलेली नाही.

मग ग्रंथ टिकला कसा? लोकांनी तो हातांनी उतरवून घेतला आणि तोंडाने म्हणत ठेवला. गोव्यातून दक्षिणेला, कानडा जिल्ह्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्याबरोबर हस्तलिखिते नेली. टिपू सुलतानाच्या काळात, १७८४ मध्ये, मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हा त्यांना या ओव्यांचा आधार होता असे परंपरा सांगते. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखितांवरून ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीतील एक जुने हस्तलिखित लंडनच्या संग्रहात सापडले. आणि १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती निघाली. स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये मागितलेली गोष्ट, आपल्या अक्षरांत आपले पुराण, साडेतीनशे वर्षांनी पूर्ण झाली.

या वाटेवर पुढे अनेक जण चालले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सुबोध मराठीत बायबल दिले आणि २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. २०२४ मध्ये ते ख्रिस्तवासी झाले. मराठीत देवाचे गुण गाणे हे उसने घेतलेले काम नाही, आपल्या घराचेच काम आहे, हे अशा माणसांनी दाखवून दिले.

आपण काय करणार?

सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. फादर स्टीफन्स यांचे नाव घेऊन आम्हाला पालकांना असे म्हणता आले असते की, बघा, एका इंग्रजाने मराठी शिकली आणि तुमच्या मुलांना ती येत नाही! पण ते त्यांच्या जीवनाचे चुकीचे वाचन होईल. त्यांनी गावकऱ्यांना आपल्या भाषेत ओढले नाही, ते स्वतः त्यांच्या भाषेत गेले. मग मुलांची भाषा आज इंग्रजी असेल, तर मुलांपर्यंत चालत जाण्याचे काम आमचे आहे. म्हणून यंदा लहान मुलांच्या वर्गात इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत धडा समजावून सांगितला जाईल. ही सूचना आम्ही स्वीकारली आहे.

पण तेवढ्याने आजीबाईंचे उत्तर मिळत नाही. साष्टीच्या लोकांना प्रार्थना मिळाली होती, तरी त्यांची संध्याकाळ रिकामी होती. आपल्या मुलांनाही उद्या इंग्रजीतून धर्मतत्त्वे चांगली समजतील, आणि तरीही आजीच्या ओठांवर जे आहे ते त्यांच्या कानावर पडणार नाही. भाषा बंदीनेच मरते असे नाही. फर्मान नसतानाही ती दोन पिढ्यांत घराबाहेर जाऊ शकते, कारण कोणी मांडी घालून ऐकायला बसत नाही.

यासाठी आम्ही एक साधी गोष्ट ठरवली आहे. या पावसाळ्यात, आगेऱ्याच्या रविवारपर्यंत, दर रविवारी मराठी मिस्सेनंतर अर्धा तास चर्चच्या व्हरांड्यात बसू. ख्रिस्तपुराणातील थोड्या ओव्या आम्ही वाचू आणि अर्थ सांगू. चाल चुकली तर गोव्याच्या आणि मंगळूरच्या मंडळींनी सुधारावी. त्यानंतर ज्यांना घरची जुनी प्रार्थना, लग्नातले गाणे, नाताळचे गीत येत असेल त्यांनी ते म्हणावे, मग ते वसईच्या बोलीत असो, कोंकणीत, मल्याळममध्ये वा तमिळमध्ये. मुलांनी समजले नाही तर विचारावे, आणि मोठ्यांनी विचारल्यावर रागावू नये. चहा आहेच. कोणी घरून भजी किंवा उकडलेल्या शेंगा आणल्या तर त्यांचेही स्वागत आहे.

त्या आजीबाईंना आम्ही पहिल्या रविवारी पुढच्या खुर्चीवर बसायला सांगितले आहे. त्यांचा नातू शेजारी असेल. त्याला सगळे कळेल असे नाही. पण आजीचा आवाज लोकांसमोर कसा लागतो, ते त्याला ऐकू येईल. फादर स्टीफन्स यांनीही सुरुवात ऐकण्यापासूनच केली होती.

प्रभूची कृपा आपणा सर्वांबरोबर असो.

आपले धर्मगुरू